माझ्याकडून हरलेला दुकानदार
नागपूरच्या जुन्या मशिनी विकणाऱ्या एका दुकानदारानं मला फसवलं, आणि तेही माझ्याकडून हरून. आज मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डाख देतानाचा धूर नाकात गेला आणि माझं डोकं पुन्हा पेटलं. नागभीडला व्हिडिओ गेमचं दुकान टाकायचं म्हणून मी मारामारीच्या खेळाची वापरलेली पेटी पाहायला गेलो होतो. मी भाव पाडत होतो, तर तो म्हणाला, “भाऊ, आधी माह्यासंग खेळून तं पाहा.” पेटीला पैलवान हलवायच्या दोन दांड्या; एक मी धरली, दुसरी त्यानं घामाघूम होईपर्यंत हलवली आणि सगळे डाव हरला. “लय हात चालते तुमचा, भाऊ!” मी फुगलो, घासाघीस विसरलो आणि पेटी भाताच्या तणसात गुंडाळून टेम्पोत चढवली. उद्घाटनाला नारळ फुटला, अर्धा बाजार जमला. एका दांडीवर शेजारचा शिंपी, दुसरीवर सायकलवाला. पडद्यावर शिंप्याचा पैलवान लाथा घालत सुटला, सायकलवाल्याचा नुसता उभा. “अबे, काऊन मार खाऊन राह्यला?” लोक खिदळले. सायकलवाला ओरडला, “माहा मानूस हालूनच नाई राह्यला!” मी मागची फळी काढली, तर दुसऱ्या दांडीच्या तारा कापून काळ्या टेपखाली दडवलेल्या. डाख देऊन त्या जोडल्या, तरी उपयोग नाही. बोर्डाची ती बाजूच जळलेली होती. भांडायला नागपूरला गेलो, तर दुकानदार म्हणतो, “तुम्ही तं खेळून घेतली, भाऊ. जिंकले बी!” अरे, पैसे राहू दे तुझ्याकडे, पण मला एवढं सांग: ती मेलेली दांडी हलवताना तू हसू कसं आवरलंस?