दगडूतात्यांचं दर्यातलं भोक

वेल्ह्याला एस.टी.तून उतरले की दगडूतात्या रोकडे आधी जमिनीवर तीनदा पाय आपटायचे. "हालत न्हाई. बरं हाय," म्हणायचे आणि मगच पिशवी उचलून आमच्या वाडीची वाट धरायचे. वर्षातले दहा महिने ते एका परदेशी जहाजावर नोकरीला असत. मी वाडीतला शाळामास्तर, त्यांच्या गप्पांचं हक्काचं गिऱ्हाईक.

त्यांचं जहाज माल नेत नसे. भर समुद्रात एका जागी थांबून ते संशोधनासाठी तळाला भोक पाडी.

"खालून काय निघतं, तात्या? सोनं?"

"चिखल! नळीत भरून येतो. आला की साहेब लोक नाचत्यात, दिवाळीचा जावई आल्यावानी."

वाडीने त्यांना थापाडे ठरवलं होतं. तात्यांना त्याचं काहीच वाटत नसे.

दुष्काळाच्या साली ते सुटीवर असताना बौद्धवाडीत, त्यांच्या बहिणीच्या दारात, बोअरची गाडी आली. बायका ओढ्यात झरे उकरून वाटी-वाटीने पाणी भरत होत्या. सगळे भोकाभोवती बसून राहिले. दुपारी खडक फोडणारं बिट झिजलं, म्हणून ते वर काढलं. गावचे एक कारभारी टपूनच होते. "काढलंच आहे तर गाडी आता आमच्या मळ्यात लावा," ते बोअरच्या मिस्त्रीला म्हणाले. मिस्त्रीनेही मान डोलावली, "त्याच भोकात पुन्हा उतरणं तसं अवघडच."

तात्यांनी घरातून रॉकेलचं नरसाळं आणलं आणि भोकावर ठेवलं.

"मिस्त्री, तोरणा बुडंल एवड्या पाण्याखाली आमी त्येच भोक पुन्ना गाठतो. तळाला असंच नरसाळं बसवायचं, घरायेवडं, म्हंजी बिट घरंगळत भोकातच जातं. तुमाला अंगनातलं गावंना व्हय?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मिस्त्री लाजला आणि त्याने मुकाट नवं बिट चढवलं. कारभारी चपला शोधू लागले. दिवस मावळायच्या आत पाणी लागलं. बहीण भिजत उभी राहिली, हलेचना.

तात्यांना निरोप द्यायला मी वेल्ह्यापर्यंत गेलो. "ते घराएवढं नरसाळं तुम्ही कसं हो बसवत होता?" मी विचारलं.

तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मी खानसामा हाय, मास्तर. साहेब जेवताना बोलायचे, मी वाढता वाढता ऐकायचो. कुनाला सांगू नगा. पानी आटायचं."

तात्या वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा बौद्धवाडीत गेलो होतो. त्या बोअरला अजून भरपूर पाणी आहे, म्हणून हे लिहायचं धाडस केलं.