बारशातला हललेला फोटो

आमच्या नानाकाकांचे हात हल्ली थरथरतात. तरीही घरातल्या प्रत्येक कार्याचे फोटो तेच काढतात, त्यामुळे गेली काही वर्षं आम्ही सगळे फोटोत धुक्यात उभे असल्यासारखे दिसतो. मागच्या लग्नानंतर ते "आता पुरे" म्हणाले, तेव्हा मला चैन पडेना. म्हणून भाचीच्या बारशाला मी त्यांच्या हातात नवा कॅमेरा दिला, हाताचा कंप आतल्या आत सावरून घेणारा.

त्यांनी सजवलेला पाळणा टिपला. झेंडूची पाकळी न् पाकळी सुटी दिसत होती.

"हे मी काढलंय?" काका पुन्हा पुन्हा बघत राहिले.

मग आत्या म्हणून मी बाळाच्या कानात नाव सांगायला वाकले आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. नेमका तेव्हाच काकांनी फोटो काढला. त्यात मी म्हणजे नुसता हिरवा फराटा, आणि वर बांगड्यांचं वादळ.

"माझा हात सावरला गं त्याने," काका खुशीत म्हणाले, "पण तुम्हाला कोण सावरणार?"

खरंच आहे. आपली थरथर एखादं यंत्र सांभाळून घेईल, पण समोरचा आनंद स्थिर उभा राहत नाही, आणि राहूही नये. तो फोटो मी भिंतीवर लावलाय. त्या सगळ्या धुमश्चक्रीत एकच चेहरा लख्ख आलाय. जिच्या नावासाठी मी एवढा मार खाल्ला, ती पाळण्यात गाढ झोपली आहे.