उंबरठा मी फोडला

कंपवातावर पत्रक काढता येत नाही. बीडी कामगारांसाठी मी पत्रकं लिहिली, धानाच्या बोनससाठी लिहिली, तहसीलसमोर घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या. बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हा मात्र घेराव कुणाला घालायचा, हेच कळेना.

गोंदियातले डॉक्टर म्हणाले, "मेंदूत खोलवर काही पेशी असतात, हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या. त्या मरून राहिल्या आहेत. थरथर दिसली तोवर बऱ्याचशा गेल्यासुद्धा. जो गई सो गई, बेटा."

"मग इतकी वर्षं कळलं कसं नाही?"

"उरलेल्या पेशी जास्तीचं काम ओढत होत्या."

मला संतापच आला. कुणाला न सांगता माणसं कमी करायची आणि उरलेल्यांना राबवायचं. हा तर सरळ राईस मिलचा कारभार!

घरी येऊन मी छन्नी-हातोडा घेतला आणि दाराचा उंबरठा फोडला. बाबा अडखळून पडायला नकोत.

"काऊन फोडून राहिली वं?" आई ओरडली. मी ऐकलं नाही. मी कुणाचंच ऐकत नाही, गावाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवसापासून बाबा त्याच दारात थिजायला लागले. रोज सकाळी ते एकटे पानठेल्यावर जायचे. तेवढंच त्यांचं स्वतःचं उरलं होतं. मी ओढलं, ढकललं, "चला ना!" म्हणून किंचाळले. जितकं ओढावं तितके पाय घट्ट.

"दार उघडंच हाये बाई," ते म्हणाले, "पाय आयकत नाहीत."

आईनं बघून ठेवलं होतं. धानाच्या बांधीत ते अडत नव्हते. समोर धुरा, म्हणजे मातीचा बांध, आला की पाय आपसूक उचलायचा. ओलांडायला काही दिसलं की पाऊल निघतं. सपाट जागाच त्यांना धरून ठेवते. तिनं दारात चुन्याची जाड रेघ ओढली. बाबांनी ती ओलांडली.

"पत्रकं लिवते," आई मला म्हणाली, "पण बापाचे पाय नाही वाचता येत तुले."

अंगणातही रेघा झाल्या. पुढे सिमेंटचा रस्ता, पानठेल्यापर्यंत गुळगुळीत. तो मीच उपोषणाला बसून मंजूर करून घेतलेला. आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, पेशी मरत राहतील. एक दिवस रेघाही पुरणार नाहीत.

काल बाबा रस्त्याच्या मधोमध अडकले. मागे ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता. मी त्यांचा दंड धरला.

"सोड," बाबा म्हणाले. "येकटा जातो."

मी सोडला. ते गेले नाहीत. मीही हलले नाही.