घर मातीचं, लाज सिमेंटची

मंडळी, आज सकाळी कल्याणच्या पुढे मित्राच्या नव्या घरी गेलो होतो. वहिनींना दमा, म्हणून वागळे इस्टेटची कारखान्यांची धूळ सोडून दोघं तिकडे राहायला गेले.

दोन खोल्या मातीच्या, एक पेंढ्याचे गठ्ठे रचून बांधलेली. मातीच्या भिंतींनी वाळायला फार वेळ खाल्ला. पेंढ्याची खोली झटपट उभी राहिली आणि उन्हाळ्यात जास्त गार निघाली. म्हणून वहिनींचा पलंग तिथे.

आज त्या खोलीच्या भिंतीला बोट लावलं, तर ते आतच गेलं. आत सगळा पेंढा काळा पडलेला. बुरशीचा वास घरभर.

मातीच्या भिंती मात्र ठणठणीत, कारण त्यांना शेणामातीचं लिंपण. पेंढ्याची भिंत रस्त्याकडची, म्हणून तिला बाहेरून सिमेंट. त्याला तडे गेले, पाऊस आत शिरला आणि सिमेंटने ती ओल बाहेर पडू दिली नाही.

"अरे, शहरातले, नौपाड्याचे पाहुणे झोपडी म्हणाले असते," मित्र पुटपुटला. एरवी देहाला मृण्मय, म्हणजे मातीचा, म्हणणारा हा माणूस, घर मृण्मय दिसायला लाजला!

"भावोजी, घराला माझाच रोग लागला बघा," वहिनी हसल्या. मग बराच वेळ खोकत राहिल्या.

येताना त्यांना वागळे इस्टेटला लेकीकडे सोडलं. परत त्याच धुळीत.

नौपाड्याचे ते पाहुणे अजून एकदाही आलेले नाहीत. तुमच्याकडचे येतात का हो?