काकांच्या इंजिनाचा आवाज
माझी नोकरी वाचली ती म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या काकांमुळे. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनड्रायव्हर. तारा जोडताना वितळणाऱ्या सोल्डरचा वास आला की ते आठवतात. दहावी अर्धवट सोडून सांगलीहून म्हैसूरला आलेला मी, मॉडेल रेल्वेच्या दुकानात कामाला लागलो होतो. तिथे गिऱ्हाईक म्हणून आलेल्या काकांच्या छोट्या डिझेल इंजिनात आवाजाची चिप बसवली, तर त्यांच्या जुन्या कंट्रोलरवर ते ढिम्म हलेना. महागडी चिप जाळली, आता मालक हाकलणार, असंच मला वाटलं. “इन्नू स्वल्प, अजून थोडं फिरव की रे! आधी विजेनं चिपचं पोट भरू दे, मग चाकं हलतील,” काका म्हणाले. कंट्रोलरचं बटण आणखी फिरवलं आणि त्या वीतभर इंजिनातून खऱ्या डिझेलची धडधड उठली. मग भोंगा देऊन ते निघालं. “धडधड आपली, भोंगा मात्र परदेशी!” काका हसले. आता चिपमध्ये आवाज मीच भरतो. काकांनी चालवलेल्या इंजिनाचा खरा भोंगा एक दिवस त्यांना ऐकवणारच.