शेजारणीला विचारा

सुमनमावशींचे सगळे फॉर्म बाद केले, ते मीच.

आज पहाटे पालममध्ये मावशी गेल्या. आता तरी खरं लिहिते.

मी तेव्हा मानसशास्त्राच्या एका मोठ्या प्रोजेक्टवर असिस्टंट होते. कोणत्या देशातली माणसं किती समाधानी, हे मोजायचं होतं. प्रश्नावली परदेशातून आली. आपल्या परभणी जिल्ह्यात गावोगाव फिरून ती भरून घ्यायचं काम मावशींचं. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, गुडघे धरलेले, तरी एसटीने फिरायच्या.

"तुमचं म्हणणं छापून येणार," असं त्यांनी प्रत्येक बाईला सांगितलं होतं.

पहिलाच प्रश्न : तुम्ही समाधानी आहात का? एक ते सात; एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे पूर्ण.

बाया म्हणायच्या, "शेजारणीला इचारा."

आपलं आपल्याच तोंडानं कसं सांगायचं? मग मावशी शेजारणीला हाक मारायच्या. दोघी बोलायच्या, कधी भांडायच्या, मग आकडा ठरायचा. मावशी समासात सगळं लिहून ठेवायच्या.

ऑनलाइन मीटिंगमध्ये प्रोजेक्टचे सर म्हणाले, "हा डेटा चालणार नाही. उत्तर एकटीचंच हवं."

मावशी माझ्या शेजारीच होत्या. म्हणाल्या, "सर, एकटीला इचारलं तर ती 'बरं हाय' म्हनती अन् गप बसती. खरं शेजारीण सांगती. तुमचा प्रश्नच इथला न्हाई."

सर म्हणाले, "नोटेड."

डोंबलाचं नोटेड.

दुसऱ्या दिवशी सरांचा मेल आला आणि मी मावशींच्या फॉर्मच्या सगळ्या ओळी कॉम्प्युटरमधून डिलीट केल्या. नोकरी टिकवायची होती मला.

पेपर छापून आला. त्यात भारत म्हणजे पुण्यातली कॉलेजची मुलं. त्यांच्यावरच अख्खा देश उरकला.

मावशी दर सणाला फोन करायच्या. "बाई, आमच्या बायांचं काय झालं?"

"प्रोसेस चालू आहे, मावशी."

इतकी वर्षं हेच. जीभ कशी झडली नाही माझी?

आज त्यांच्या घरी गेले. शेजारच्या गयाबाई दारात बसल्या होत्या. न राहवून विचारलं, "मावशी समाधानी होत्या का हो?"

"न्हवती," गयाबाई म्हणाल्या. "स्टँडवर बाया इचारायच्या, आमचं छापून आलं का म्हून. सुमन मग त्यांना चुकवून स्टँडच्या मागून, लांबच्या वाटेनं जायची. पाय दुखायचे, तरी."

घरी येऊन एक कोरा फॉर्म काढला. वर मावशींचं नाव लिहिलं. पहिल्या प्रश्नाला 'एक'वर खूण केली.

समासात लिहिलं : शेजारणीला विचारलं.

मावशी, श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही. माफ करा.