महाळुंग्यात विमानाचं नाक

सातारा सोडलं तेव्हा माझ्यावर एकच कामगिरी होती: धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला विमान बनवण्यापासून परावृत्त करणं. आमच्या घराण्यात असली मोहीम आजवर कुणाच्या वाट्याला आली नव्हती. "दादा, तो तुझं ऐकतो," वैशाली फोनवर म्हणाली. तो ऐकून घेतो, एवढंच खरं.

नाशिक फाट्याला ती स्कूटर घेऊन उभी होती. पुढे दोन कंटेनरांच्या फटीतून जाताना विमानप्रवास मला एकदम सुरक्षित वाटू लागला. चाकणला मिसळीसाठी थांबलो. कट (वरचा तिखट रस्सा) असा जहाल, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वैशालीच्याही आलं होतं. पण तिने मिसळीला हातच लावला नव्हता.

"दादा, तो पडला तर?" एवढंच म्हणाली.

महाळुंग्यात कारखान्यांच्या मधोमध एक पत्र्याची शेड. आत आमच्या जावयाचं, मिलिंदरावांचं दोघांच्या बैठकीचं विमान, बिननाकाचं. शेडचे मालक किसनआबा दारातच खाटेवर बसले होते.

"उडेल का हो हे?" मी विचारलं.

"उडंल की! व्हय. उतरायचं मातर आमी बोलत न्हाई."

मी घसा खाकरून उपदेशाला सुरुवात करणार, तोच मिलिंदरावांनी आम्हा दोघांच्या हातांत रबरी मोजे कोंबले. "बरं झालं आलात, दादा! माझा माणूस ओव्हरटाइमला अडकलाय. रेझिन (पातळ चिकट राळ) कालवून झालंय, आता थांबता येणार नाही."

नाकाच्या, आतून मेण लावलेल्या साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन चोपडायचं आणि रूळ फिरवून आतली हवा काढायची. मे महिना. पत्र्याखाली आमचाच रस्सा होत होता. अर्ध्यातच बादलीतून धूर निघू लागला. एकदम बादलीभर कालवलेलं रेझिन तापून भराभर घट्ट होत होतं आणि मिलिंदराव बादलीकडे बघत नुसते उभे.

"बघतोस काय? बाहेर ने ती!" वैशाली ओरडली. तिनेच बादली उचलून अंगणातल्या मातीत नेऊन ठेवली. परत आली, पदर खोचला आणि म्हणाली, "आता थोडं थोडं कालव."

मग ती रूळ फिरवत बसली. एकेक बुडबुडा हुडकून दाबताना तिच्या चेहऱ्यावर नवऱ्याचाच गळा दाबल्याचं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडी पाचरी ठोकून नाक साच्यातून सोडवलं. कडाड! मला वाटलं, तुटलं. अख्खं होतं. फक्त उजवी बाजू पांढरट, फुगलेली. ती माझी होती; तिथे रूळ मी फिरवला होता.

मिलिंदरावांनी त्यावर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला. "हे नाही चालणार," ते हळूच म्हणाले आणि खाली बसले. हीच वेळ होती. मी वैशालीकडे पाहिलं.

ती वाकून ते फुगलेलं नाक न्याहाळत होती. "हे घेऊन तुला वर जाऊ देईन होय मी?" ती म्हणाली. "कापड उरलंय का? आणि दादाला या वेळी चहा करायला बसव."

परतीच्या एसटीत काचेचे बारीक कण दोन्ही हातांना टोचत होते. मी सारखा खाजवतोय हे पाहून शेजारच्या काकूंनी बोचकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "काय झालंय हो?"

"आमच्या घरात विमान झालंय," मी म्हणालो. त्या आणखी सरकल्या. माणसाला एकदा खाज सुटली की उपदेशाचा उपयोग नसतो, हे मी शिकून निघालो होतो. ती शेजारच्यालाही लागते, हे मात्र बहिणीकडे बघून कळलं.